उतारगाठ

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी आज त्यांच्या वहीत माझ्या नावासमोर लिहिलं, ‘चालताना लंगडते.’ मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचलं. बावीस वर्षं लोकांचे पत्ते वाचतेय, भिजलेले, पुसलेले, डॉक्टरांच्या अक्षरातले. साहेबांचं अक्षर त्यापुढं काहीच नाही. ते माझ्याबद्दल वही ठेवतात, तर मीही ठेवते. विमा एजंटानं दिलेली ही डायरी कपाटात पडून होती, तिला काम मिळालं.

पहिली नोंद: मी लंगडत नाही. उजव्या घोट्यासमोर, जिथं पाऊल नडगीला मिळतं तिथं, जरा दुखतं एवढंच. तेही फक्त उतरताना. आता उतरणं हीच माझी नोकरी आहे, त्याला कोण काय करणार.

टेकडीचा बीट माझा. सकाळी टपालाची थैली घेऊन बसनं माथ्यावर जायचं आणि तिथून नऊ गल्ल्या, एकशे बारा दारं आणि सहाशे चाळीस पायऱ्या करत पायी खाली पोस्टात यायचं. “टपाल पाण्यासारखं, वरून खाली,” असं मला माझ्या आधीच्या पोस्टमननं शिकवलं. उतारगाठही त्यानंच शिकवली. बुटाची नाडी शेवटच्या भोकापर्यंत दात-ओठ खाऊन आवळायची आणि बरोबर घोट्यासमोर दुहेरी गाठ मारायची. मग उतरताना पाय बुटात पुढं घसरत नाही आणि बोटं टोकाला आपटत नाहीत. या टेकडीवर चाललेल्या प्रत्येकाला ही गाठ येते. इतरांना येत नाही, ते नवव्या दिवशी अंगठ्याचं नख हातात घेऊन येतात.

घरी यांना सांगितलं. हे एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, त्यामुळं जगातलं सगळं यांना इंजिनातूनच दिसतं. म्हणाले, “घाटात चढताना गाडी नुसती ओरडते गं. ब्रेक जळतात ते उतरताना.”

“मी काय तुमची गाडी आहे?” मी म्हटलं.

“गाडी असतीस तर एव्हाना गॅरेजला नेली असती,” हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

६ फेब्रुवारी

लवचीक पट्टी आणली. ती बांधून त्यावर बूट, त्यावर गाठ, रोजच्यापेक्षा एक पीळ जास्त. पाय हलायला जागाच नाही म्हटल्यावर दुखेल कसा?

७ फेब्रुवारी

दुखला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता आवाज येतो. पाऊल वर ओढलं की घोट्यासमोरची शीर आत करकरते. वर बोट ठेवलं तर ती करकर बोटाला लागते. तिथंच लांबट सूज आहे आणि सुजेच्या मध्यावर नाडीच्या गाठीचा वळ, शिक्का मारल्यासारखा. यांनी खाली वाकून माझ्या पावलाला कान लावला. पस्तीस वर्षांच्या संसारात हे माझ्या पायाशी पहिल्यांदाच. मी तसं म्हटलंही. हे हसले नाहीत, “दाखवून ये,” म्हणाले.

शेजारणीनं मलम दिलं. खसाखसा चोळलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुखण्याला कळलं पाहिजे की घर कुणाचं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली तेव्हाच ओळखलं, काहीतरी काढून घेणार.

“बाई, खिडकी क्रमांक दोन रिकामी होतेय,” ते म्हणाले. “सावलीत काम, पंखा आहे, पायाला आराम. तुमची पाच वर्षं राहिली, ती सुखात जातील.”

मी म्हटलं, “मला बीट आहे.”

“अठ्ठावीस मार्चला मुख्य कार्यालयाचे निरीक्षक येतायत. टेकडीच्या बीटची ठरलेली वेळ तीन तास वीस मिनिटं. ते घड्याळ लावून तुमच्याबरोबर चालतील. वेळेत झालं तर बीट तुमचा, नाहीतर खिडकी.”

खिडकी क्रमांक दोन मला चांगली माहीत आहे. काच, काचेला ताटलीएवढं भोक आणि मागं एक उंच स्टूल. तिथून माणसाची फक्त छाती दिसते. टेकडीवर मला माणसं अख्खी दिसतात. कुणाचं दार रंगवलंय, कुणाच्या दोरीवर बाळाचे कपडे आले, कुणाच्या पायरीवर कालचं दूध तसंच आहे, हे मला त्यांच्या नातेवाइकांच्या आधी कळतं. हे सगळं सोडून मी छात्या बघत बसू? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

बाहेर आले तर चाळणी दाराशीच उभा. चाळणी म्हणजे आमचा टपाल निवडणारा. पहाटे सगळं टपाल त्याच्या हाताखालून जातं आणि बीटप्रमाणे गळून पडतं, म्हणून चाळणी. जाड चष्मा, बोलणं कमी. विचारतो कसा, “ताई, अठ्ठावीसला म्हणाले ना?” याला तारीख कशाला हवी?

१९ फेब्रुवारी, बुधवार

लिहायची लाज वाटते, पण वही ठेवलीय, तर लिहिते.

तिसऱ्या गल्लीनंतर पाय टेकला की पाऊल फट्‌कन खाली आपटायला लागलं. सावकाश टेकायचं म्हटलं तर घोट्यासमोर सुरी. शेवटी कठडा धरला, पाठ फिरवली आणि शिडी उतरतात तशी उलटी उतरले, दोन गल्ल्या. तसं उतरताना दुखत नव्हतं, हे विशेष. कपडे वाळत घालणाऱ्या एकीनं वरून विचारलं, “मावशी, काही हरवलंय का?”

“हो, अक्कल,” मी म्हटलं.

पोस्टात पोहोचायला चार तास पाच मिनिटं लागली. तिथून थेट दवाखान्यात जाऊन शुक्रवारची वेळ घेतली, यांना न सांगता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची आहे. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार. तिनं पाय हातात घेतला, पाऊल वर ओढायला लावलं आणि तळहातानं अडवलं. मी किंचाळले. मग ती उठून माझे बूट बघायला गेली. पायापेक्षा बुटांकडे जास्त वेळ बघत होती.

“काकू, ही गाठ इथं कुणी मारायला सांगितली?”

“बावीस वर्षांचा अनुभव आहे तिच्यामागं.”

“मग बावीस वर्षं ही तुमच्या शिरेवर बसलीय.” तिनं माझ्याच पायावर बोट फिरवून दाखवलं. नडगीच्या स्नायूपासून एक दोरी घोट्यासमोरून पावलापर्यंत जाते. ती पाऊल वर उचलते. आणि उतरताना पाऊल आपटू नये म्हणून तीच त्याला धरून हळूहळू खाली सोडते. “म्हणजे उतारावर ती ब्रेक आहे. तुम्ही रोज सहाशे चाळीस पायऱ्या ब्रेक दाबत येता, आणि वरून ब्रेकची तारच गाठीनं चेपता.”

किती सोपं करून सांगितलं! शिकलेली माणसं ती शिकलेलीच. घरी येऊन यांना मुद्दाम समजावून सांगितलं, ब्रेकचं सगळं. हे नुसतं “हूं” म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. कधी कधी यांच्या डोक्यात काही शिरतच नाही.

डॉक्टरीणबाईंचे हुकूम: चोळायचं बंद. करकर थांबेपर्यंत दिवसातून दोनदा कापडातून बर्फ. मधली दोन भोकं सोडून नाडी ओवायची, गाठ बाजूला, जिभेखाली मऊ पट्टी. नुसतं झोपून राहायचं नाही, कारण आयती बसलेली शीर आणखी दुबळी होते. खुर्चीत बसून रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल वर ओढायचं आणि पाऊण मिनिट धरायचं, पाच वेळा. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं तर. त्याच्यावर गेलं की थांबायचं.

“आणि मी थांबले नाही तर?”

“तर खिडकी,” ती म्हणाली. मी तिला खिडकीचं सांगितलं होतं, ही माझीच चूक.

बरं व्हायला किती दिवस? तर म्हणे तीन महिने. माझ्याकडे पाच आठवडे आहेत.

२८ फेब्रुवारी

आठ दिवस रजा, बर्फ, पट्टा. करकर गेली. हे स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभे राहून पाऊण मिनिट मोजतात आणि चाळीसलाच “सोड” म्हणतात. मी पंचेचाळीस करते.

५ मार्च, बुधवार

परत कामावर. डॉक्टरीणबाई म्हणतात उतरणं निम्मं करा. निम्मी टेकडी कशी उतरतात?

एक मात्र झालं, थैली हलकी आहे. लोक पत्रं लिहीत नाहीत म्हणतात ते खरंच. पुस्तकांची पुडकी तर दिसेनाशीच झालीत.

आणखी एक. काल संध्याकाळी यांच्याबरोबर बाजारातून येताना चाळणी दिसला. टेकडीच्या पायऱ्यांवर, खांद्याला पिशवी, दारांवरचे नंबर वाचत चाललेला. आता कळलं तारीख कशाला हवी होती. बीट पाठ करतोय माझा! अजून मी मेले नाही, आणि हा तेराव्याला पान वाढून बसला.

७ मार्च, शुक्रवार

आज बसमध्ये बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. ही बस माथ्यावरून खालीही जाते, आणि जाताना जवळजवळ रिकामी जाते. मग मी चढताना टपाल वाटलं आणि उतरताना बसले तर? चढायला दम लागेल, पोटऱ्या भरून येतील. येऊ देत, पोटऱ्यांची तक्रार नाही. बावीस वर्षांत हे मला सुचलं नाही आणि माझ्या आधीच्यांनाही नाही, कारण उतरणं सोपं असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, टपाल वरून खाली येतं.”

“पाणी वरून खाली येतं, साहेब. टपाल मी नेते तिकडं जातं.”

मग म्हणाले, माथ्यावरच्या घरांना साडेनऊऐवजी साडेबाराला टपाल मिळेल, त्यांची लेखी संमती आणा. माथ्यावर सात घरं. सहा घरांना मी आज संध्याकाळीच विचारते. सातवी मास्तरीण.

१० मार्च, सोमवार

मास्तरीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, सगळ्यात वरच्या घरात एकट्या राहतात. माझी घंटी वाजायच्या आत दार उघडलेलं असतं आणि त्या मनगटावरच्या घड्याळात बघत असतात. सहा सह्या घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

“नाही,” म्हणाल्या. “तू साडेनऊला येतेस, त्यावर मी माझी गोळी घेते.”

“गोळी घड्याळावर घ्या ना, बाई.”

“घड्याळ काय, कुणी आलं न आलं तरी पुढं जातं.” मग माझ्या पायाकडे बघत राहिल्या. पट्टी दिसत होती. “शेवटचं घर माझं झालं, तर त्यानंतर तुला कुठं जायचं नसेल?”

“नाही. एकच्या बसची वाट बघायची.”

“मग आत येऊन बसायचं. दारातून टपाल मी घेणार नाही. ही अट लिहून घे.”

लिहून घेतलं. यात त्यांचा काय फायदा, मला कळलं नाही. मास्तरणींना अटी घालायची खोडच असते.

१७ मार्च, सोमवार

पहिला पूर्ण आठवडा खालून वर करून झाला. जीभ बाहेर आली, पोटऱ्या दगड झाल्या, पण घोट्याला गुण दोन. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना एक. आता भिंतीला पाठ लावून उभी राहते, टाचा टेकवून दोन्ही चवडे वर उचलते आणि सावकाश खाली सोडते, पंधरा पंधरा वेळा. हेही शेजारी उभे राहून करतात. आम्ही दोघं भिंतीला लागून चवडे हलवतोय, बघणाऱ्याला वाटेल शिक्षा झालीय.

तीन तास पंचवीस मिनिटं लागतात. पाच मिनिटं कमी करायचीत.

२४ मार्च, सोमवार

आज मास्तरणींकडे टेकले होते. त्या पायाखाली आपणहून उशी सरकवतात, मग जगातलं सगळं विचारतात. म्हणाल्या, “तुमचा तो चष्मेवाला भला माणूस आहे. परवा संध्याकाळी माझ्या शब्दकोशाचे दोन्ही खंड आणून दिले. खूप धापा टाकत होता.”

शब्दकोशाचे खंड. माझ्या बीटवरचं पुडकं. माझ्या थैलीत न आलेलं.

बसमध्ये सगळा हिशेब जुळत गेला आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले.

२५ मार्च, मंगळवार

चाळणीला टपालाच्या टेबलावरच गाठलं.

“किती दिवस?”

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. “जड जड तेवढंच काढतो, ताई. घरी जाताना वाटेतच पडतं.”

“तुझं घर नदीपलीकडे आहे!”

“लांबची वाट आहे,” तो म्हणाला.

मी त्याच्याबद्दल या वहीत काय लिहिलंय ते आठवलं. लिहिलेलं खोडणार नाही. माझ्या अकलेचा पुरावा राहू दे. त्याला म्हटलं, “शुक्रवारी सगळं भरायचं. एक पाकीट कमी दिसलं तर जन्मात बोलणार नाही.”

“हट्ट करू नका, ताई. निरीक्षक थैलीचं वजन करत नाहीत.”

“मी करते,” मी म्हटलं. बीट माझा असेल तर तो अख्खा माझा. अर्धा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मिळवलेला बीट मला नको. रागाच्या भरात एवढं बोलले आणि मग मागच्या खोलीत जाऊन डोळे धुतले.

२८ मार्च, शुक्रवार

निरीक्षक सडपातळ, चाळिशीचे, कातडी बूट घालून आले. हातात घड्याळ, काखेत कागद लावलेली पाटी. थैली बारा किलो भरली. सव्वानऊला निघालो.

पाचव्या गल्लीपर्यंत आम्ही वेळेच्या तीन मिनिटं पुढं होतो. निरीक्षकांनी बोलणं सोडलं होतं, त्यांना श्वास पुरत नव्हता. सहाव्या आणि सातव्या गल्लीच्या मध्ये टेकडीला खळगा आहे. तिथं पंचावन्न पायऱ्या उतरून पुन्हा चढावं लागतं. त्याला इलाज नाही, तिथं अकरा दारं आहेत. विसाव्या पायरीला गुण तीन झाले. पस्तिसाव्याला चार. तळाला पाच, आणि पाऊल आपटायला लागलं.

मला स्वतःची माहिती आहे. फेब्रुवारीतली मी असते तर गाठ आवळली असती, दात आवळले असते आणि वेळेत वर गेले असते. सगळ्यांना दाखवून दिलं असतं. आणि सोमवारी पाय जमिनीला लागला नसता. पुढं जावं असं फार वाटलं, खोटं कशाला लिहू. तीन मिनिटं हातात होती, बीट हातात होता. बसणं म्हणजे हातानं देऊन टाकणं.

मी पायरीवर बसले. बूट काढला, नाडी सैल केली, पाय थैलीवर ठेवला.

“तब्येत बरी नाही का?” निरीक्षक म्हणाले.

“बरी आहे. बरी राहावी म्हणून बसलेय.”

“घड्याळ चालू आहे, बाई.”

“चालू दे. त्याचा घोटा दुखत नाही.”

त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. थोडा वेळ उभे राहिले, मग खालच्या पायरीवर तेही बसले आणि रुमालानं मान पुसली. गुण तीनवर येईपर्यंत मी उठले नाही. सात मिनिटं. उठले आणि उरलेली टेकडी माझ्या चालीनं चढले, कुणाच्याही घड्याळाच्या नाही.

मास्तरणींच्या दारात तीन तास चोवीस मिनिटं. त्या घड्याळ बघतच उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत निरीक्षक माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मास्तरणींनी त्यांना उठवलं आणि स्टूल दिलं.

२९ मार्च, शनिवार

सकाळचं पहिलं पाऊल: दोन. बीट पूर्ण केला, खळग्यात आपणहून पाच मिनिटं बसून. मोजणारं कुणी नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक खिडकीच्या बदलीचा, माझ्या सहीसाठी. दुसरा निरीक्षकांचा: ‘चार मिनिटं उशीर. तपासणी चालू असताना कर्मचारी पायरीवर बसली. खुलासा घ्यावा.’

“खुलासा लिहा,” साहेब म्हणाले.

मी बाहेर बाकावर बसून लिहायला घेतलं. पहिला खुलासा दीड पान झाला, त्यात बावीस वर्षं, निष्ठा, पाऊसपाणी सगळं होतं. भीक मागितल्यासारखं वाटलं, फाडला. दुसऱ्यात साहेबांना स्वतः टेकडी चढून बघण्याचं आमंत्रण होतं. तोही फाडला, जरा वाईट वाटलं. तिसरा एका ओळीचा झाला. तो आत नेऊन दिला.

‘बसले, कारण दुसऱ्या दिवशीही चालायचं होतं.’

साहेबांनी वाचला, आणि परत पहिल्यापासून वाचला, एकच ओळ असून.

“मग चाललात दुसऱ्या दिवशी?”

“शनिवारी चालले. आज आत्ता निघालेय. थैली बाहेर आहे.”

“आणि हा बदलीचा कागद?”

“त्याच्यावर माझी सही होणार नाही, साहेब. काढून टाकायचं तर तसं लिहा. सुखात बसवतोय असं लिहू नका.”

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाहेर चाळणीचे शिक्के थांबलेले मला ऐकू येत होते. मग साहेब म्हणाले, “तीन तास वीस मिनिटं ही उतरायची वेळ आहे. चढायची वेळ कुणी ठरवलेलीच नाही.” त्यांनी बदलीचा कागद पालथा घातला आणि बीटचं रजिस्टर उघडलं. “काय लिहू?”

“साडेतीन तास.”

“तुम्हाला तर तीन-चोवीस लागले.”

“वर बसायला थोडी जागा हवी.”

“बसायची वेळ मी सरकारी रजिस्टरात लिहू?”

“हो,” मी म्हटलं. “तीपण लिहा.”

त्यांनी टोपण काढलं आणि लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.